काडेपेटीएवढं कौल

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळलं. या सात वर्षांत लिहिलं मात्र पुष्कळ. बांधकाम खात्यातल्या नोकरीबद्दल लिहिलं, धरणावरच्या वसाहतीबद्दल लिहिलं, बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दलही लिहिलं. जपानबद्दल काहीतरी लिहा असा आग्रह झाला तेव्हा तिथल्या वेळेवर येणाऱ्या गाड्या आणि कचरा वेगळा करण्याच्या तऱ्हा यांवर चार पानं लिहून दिली. लोकांना ती आवडली. त्या चार पानांत एक शनिवार नाही. तो मी जाणूनबुजून गाळला.

आमच्या नातेवाइकांत असं धरून चाललेलं आहे, की माझ्या सुनेच्या हातून जपानमध्ये एका उत्खननावरचा हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कौलाचा तुकडा हरवला आणि त्यापायी तिची होऊ घातलेली नोकरी गेली. गोष्ट गमतीनं सांगितली जाते. तो तुकडा तिनं हरवला नव्हता. तो मी उचलला होता. आत्ता हे लिहितोय तेव्हा तो माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी आहे.

काय झालं ते सांगायचं तर आधी आमच्या तुळशीबद्दल सांगावं लागेल. कुठल्याही देवस्थानाला गेलं की तिथला एक बारका खडा उचलून आणायचा, ही माझ्या बायकोची सवय. तो देवघरात नाही, तुळशीच्या कुंडीत जायचा. भीमाशंकरचा एक, गोकर्णाचा एक, नर्मदेचे दोन. होता होता कुंडीत माती कमी आणि दगड जास्त झाले. मी म्हणायचो, "तुळस लावलीयेस की रस्त्याची खडी टाकलीयेस?" ती म्हणायची, "तुमच्या खात्यापेक्षा बरी टाकलीये. माझी वाहून जात नाही."

मी निवृत्त झाल्यावर आम्ही एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो. रोममध्ये बसमधून उतरवून आम्हांला एका पडक्या देवळाजवळ चाळीस मिनिटं दिली. उंच जोतं, त्यावर एका ओळीत उभे खांब, डोक्यावर तुळईचा थोडा भाग. छप्पर नाही, भिंती नाहीत, गाभारा कुठे होता तेही कळत नव्हतं. मी सवयीनं जोत्याच्या दगडांचे सांधे बघत राहिलो. चुना न वापरता दगडाला दगड बसवलेला होता, आणि अजून सुरी जाणार नाही इतका नीट. बायको खांबांकडे बघत उभी होती.

"देव कुठाय?" तिनं विचारलं.

"देव नाही आता. खांबच राहिलेत."

"कोणता होता?"

मी हातातलं माहितीपत्रक बघून सांगितलं, की शेतीवाडीचा कुणीतरी होता, पण त्याची पूजा बंद होऊन दीड हजार वर्षं झाली. तिनं दोरीच्या अलीकडे चपला काढल्या, हात जोडले आणि वाकून पायाजवळचा एक पांढरा खडा उचलला.

"अगं, पकडतील. हे देऊळ नाही, सरकारी जागा आहे."

"देव उठून गेला म्हणून काय झालं? जागा त्याचीच की."

पकडलं कुणी नाही. रखवालदार फोनवर बोलत होता. तो खडा तिच्या कुंकवाच्या डबीतून पुण्याला आला आणि तुळशीत गेला. जपानमध्ये मी जे केलं त्याचं मूळ तिथं आहे, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तिनं केलं ते सगळ्यांदेखत केलं होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं मूठ उघडून दाखवली असती.

ती गेली त्यानंतर दोन वर्षांनी मुलानं मला जपानला बोलावलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका जपानी कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं म्हणून गेला आणि तिथलाच झाला. तोक्योच्या अलीकडे ग्योतोकु नावाच्या उपनगरात त्यांचं घर आहे. तो सकाळी सातला जायचा आणि रात्री नऊनंतर यायचा, तेव्हा माझे तीन महिने खऱ्या अर्थानं सुनेबरोबर गेले.

सुनेनं पुण्यात पुरातत्त्व घेऊन एम.ए. केलेलं. लग्नाआधी नदीकाठच्या एका उत्खननावर दोन हंगाम कामही केलेलं. लग्न ठरवताना मी तिच्या वडिलांना म्हणालो होतो, "शिक्षण आहे ते चांगलंच आहे. जपानात त्याचा काय उपयोग, ते ती बघेल." ते मला तेव्हा उदारपणाचं वाटलं होतं. जपानात पहिली दोन वर्षं ती घरात बसून भाषा शिकली. मग जवळच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गल्ल्यावर उभी राहिली. आणि मग एके दिवशी तिला एका उत्खननावर बाइतो मिळाला. बाइतो म्हणजे तासाच्या हिशोबाचं काम. एका जुन्या बौद्ध मंदिराच्या जागेवर खोदकाम चालू होतं. तिथे सापडलेले कौलांचे तुकडे पाण्यात बुडवून दातांच्या ब्रशनं घासायचे, वाळवायचे आणि प्रत्येकावर बारीक कुंचल्यानं नंबर घालायचा.

मी तिला चिडवायचो. "पुण्यात तुमच्याकडे भांड्यांना बाई होती. एम.ए. करून तू जपानात कौलं घासतेस."

"बाबा, ही बाराशे वर्षं कुणी घासली नव्हती. त्यांच्या बाईनं फार दांड्या मारल्या."

रोज संध्याकाळी तिच्या नखांत तांबूस माती असायची. कणीक मळायच्या आधी ती सिंकपाशी उभी राहून दोन मिनिटं नखं घासायची आणि आज काय सापडलं ते मला सांगायची. तिथल्या प्रमुख एक साठीच्या बाई होत्या. त्यांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत, सूनही तेच म्हणे, म्हणून मीही त्यांना तेच म्हणतो. एप्रिलपासून तिथे एक वर्षाच्या कराराची जागा निघणार होती. सापडलेल्या वस्तूंची नोंद आणि देखभाल पाहायची. सेन्सेईंनी सुनेला अर्ज करायला सांगितलं होतं. परदेशी माणसाला तिथे अशी जागा आजवर मिळालेली नव्हती. हे ती मुलाशी फारसं बोलत नसे. मला मात्र तिनं अर्जाचा कागद दाखवला होता, आणि त्यातला एकही शब्द मला वाचता येत नव्हता तरी मी तो चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे लोकांना उत्खनन दाखवायचा दिवस असतो. शनिवार होता. मुलाला ऑफिस होतं. आम्ही दोघं गाडी बदलून आणि मग बसनं त्या टेकडीवर गेलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या कुणाकडेही या प्रकरणी बोट दाखवलं जाऊ नये.

बघायला तसं काही नव्हतं. रोमसारखे खांब नाहीत, काही नाही. भाजीच्या मळ्यांमधे एक खोदलेला चौकोन आणि त्यात ओळीनं मोठमोठे चपटे दगड. मी खाली वाकून बघितलं आणि म्हणालो, "हे तर तळखडे."

"काय म्हणालात?"

"तळखडा. लाकडी खांबाखाली बसवतात तो दगड. नाहीतर ओल चढून खांब कुजतो."

ती हसायलाच लागली. मग सेन्सेईंना बोलावून आणलं आणि त्यांना जपानीत सांगितलं, की माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर इमारतींचे पाये घातले आहेत आणि आमच्याकडेही या दगडाला वेगळं नाव आहे. सेन्सेईंनी ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि वहीत लिहिलं. एक तळखडा एका बाजूनं खचला होता. मी म्हणालो, खाली भराव धुमसून नीट घट्ट केलेला नसेल, किंवा त्याच बाजूनं पाणी जात असेल. सून ते सांगत गेली. सेन्सेई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. म्हणाल्या, त्या बाजूला खरंच एक जुना चर सापडलाय.

"बाबा, आज तुम्ही माझी किंमत वाढवलीत," ती मला म्हणाली.

तिच्याकडे त्या दिवशी एक टेबल दिलेलं होतं. पांढऱ्या कापडावर कौलांचे नऊ तुकडे आणि समोर पाटी. पाटीवर लिहिलं होतं, कृपया हात लावून बघा. लोकांनी हातात घेऊन बघावेत म्हणून मुद्दाम निवडलेले तुकडे होते ते. ती पहिल्यांदाच लोकांसमोर उभी राहून जपानीत माहिती सांगत होती. सकाळपासून तिनं दोनदा पाणी प्यायलं होतं आणि तीनदा मला विचारलं होतं, की स्कार्फ नीट आहे ना.

दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी जरा कमी झाली. तिनं सर्वांत छोटा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. काडेपेटीएवढा, राखी रंगाचा. "उलटा करा," ती म्हणाली. मागच्या बाजूला एक खळगा होता. "अंगठा ठेवा." मी ठेवला. बरोबर बसला. नखाची कडासुद्धा उमटलेली होती.

"कौल ओलं असताना कुणीतरी उचललंय," ती म्हणाली. "तेवढंच राहिलंय त्याचं. देऊळ जळलं, बुद्ध गेला, गावाचं नावही बदललं. या माणसाचा अंगठा आहे."

तेवढ्यात शाळेतल्या मुलांचा एक घोळका आला, तेरा-चौदा जण, काहींच्या डोक्यावर लाल टोप्या. ती त्यांच्याकडे वळली. तुकडा माझ्याच हातात होता. मला बायको आठवली. तिला जपान बघायचं होतं. पासपोर्टचं नूतनीकरण करून ठेवलं होतं तिनं. देव उठून गेला तरी जागा त्याचीच, हे तिचं वाक्य मला अगदी तिच्या आवाजात ऐकू आलं. मी रुमाल काढला, नाक पुसल्यासारखं केलं आणि रुमाल खिशात ठेवताना त्यात तुकडा होता. या सगळ्याला तीन-चार सेकंद लागले असतील. एवढ्या तुकड्यांत एक बारका तुकडा, असं मनात म्हणालो हेही मला आठवतं. म्हणजे मला कळत होतं.

चारला लोक गेले. तिनं टेबलावरचे तुकडे डब्यात भरायला घेतले. प्रत्येकाला कापसात ठेवायचं आणि यादीतल्या नंबरावर खूण करायची. आठ झाले. तिनं कापड उचलून झटकलं. टेबलाखाली बघितलं. मग सरळ उभी राहिली आणि सेन्सेईंकडे चालत गेली. लपवायचा, थोडा वेळ काढायचा, असं काही तिनं केलं नाही.

पुढचा एक तास मी विसरू शकत नाही. दहा-अकरा माणसं गुडघ्यांवर बसून गवत चाळत होती. त्यांत सत्तरीचे दोन स्वयंसेवक होते. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाकडे संशयानं बघितलं नाही. सेन्सेई स्वतः टेबलाखालची माती बोटांनी उकरत होत्या. मला ज्येष्ठ म्हणून घडीच्या खुर्चीवर बसवलेलं, हातात गरम चहा दिलेला. तुकडा कोटाच्या उजव्या खिशात होता.

मी उठलो. ठरवलं, की जरा चालायचं, वाकायचं, आणि हा बघा सापडला म्हणायचं. चार पावलं गेलो तर त्या स्वयंसेवकांपैकी एक गृहस्थ धावत आले. त्यांना वाटलं मला थंडी वाजतेय. त्यांनी आपल्या खिशातली गरम पुडी काढली, तिकडे थंडीत लोक खिशात ठेवतात ती, आणि दोन्ही हातांनी मला दिली. इतकंच नाही, माझ्या उजव्या खिशाकडे बोट दाखवून त्यात ठेवा म्हणून खूण केली. मी ठेवली. परत खुर्चीत येऊन बसलो. कौल माझ्या मांडीपाशी हळूहळू गरम होत गेलं.

अंधार पडायला लागला तेव्हा सेन्सेईंनी सगळ्यांना थांबवलं. सून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कमरेत वाकली. बराच वेळ वाकून राहिली. काय म्हणाली ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. टेबल माझं होतं, म्हणजे जबाबदारी माझी. त्यावर सेन्सेईही तिच्यासमोर वाकल्या, आणि म्हणाल्या की टेबल तुला एकटीला दिलं ही माझी चूक. मी दोघींना बघत होतो. दोघींपैकी कुणाचीही चूक नव्हती आणि दोघी वाकल्या होत्या. ज्याची होती तो चहाचा रिकामा पेला हातात धरून बसला होता.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मधेच म्हणाली, "बाबा, तुम्हांला फार वेळ बसावं लागलं."

दुसऱ्या दिवशी तिला लेखी खुलासा द्यायचा होता. जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसली. आता इथे मला माझ्या खात्याबद्दल सांगावं लागेल. मी चौतीस वर्षांत शेकडो खुलासे मागवले आणि काही लिहिलेही. आमच्याकडे खुलासा म्हणजे आपल्या अंगावरचं नीट घडी घालून दुसऱ्याच्या अंगावर ठेवायचं. ठेकेदार, पाऊस, मजूर, वरिष्ठांचा तोंडी हुकूम. ही विद्या मला चांगली येत होती, आणि माझ्या मनात आलं की निदान या विद्येनं तरी तिला सोडवावं.

तिनं टेबलाचा नकाशा काढला होता. कोण कुठे उभं होतं, तिथे बारीक गोल. "बाबा, मुलं आली तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होतात?"

मी बोट ठेवलं. तिनं तिथे गोल काढला आणि आत माझ्यासाठी एक अक्षर लिहिलं.

"मी तो तुकडा तुमच्या हातात दिला होता," ती म्हणाली. कागदाकडेच बघत होती. "तुम्ही परत टेबलावर ठेवलात ना?"

"ठेवला की. लगेच ठेवला." आणि मग मी पुढे बोललो. कुणी विचारलं नव्हतं. "त्यानंतरच ती मुलं आली. लाल टोपीवाला एक सारखा हात घालत होता. तू असं लिही, की अचानक मुलांची गर्दी झाली आणि त्यांच्याबरोबर मोठं माणूस कुणी नव्हतं. बाकी काही म्हणू नकोस. वाचणाऱ्याला बरोबर समजतं."

तिनं पेन खाली ठेवलं. "मुलांवर नाही घालणार मी, बाबा."

"अगं, नाव कुठे घ्यायचंय? परिस्थिती लिहायची."

"त्यांना उद्या शाळेत उभं करून विचारतील. इथे विचारतात. आणि समजा त्यांनी नेलाच असला, तर हात लावून बघा असं मीच म्हटलं होतं."

"मग नोकरीचं काय?"

"बघू," ती म्हणाली आणि पेन उचललं. तिनं काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पण नकाशावरचे मुलांचे गोल तिनं खोडरबरानं पुसले. माझा ठेवला. तो का ठेवला, हे मी सात वर्षं स्वतःला विचारतोय.

तिला कुणी काढलं नाही. सेन्सेईंनी अर्ज कर म्हणून पुन्हा सांगितलं. तिनंच केला नाही. मुलगा म्हणाला, "सॉरी म्हणून मोकळी हो ना. कौलाचा तुकडा तो. इतकं भावनिक होऊन ऑफिसं चालत नाहीत." ती म्हणाली, "वस्तू सांभाळायची जागा आहे ती. ज्याच्या हातून वस्तू गेली त्यानं ती मागायची नसते." मार्चपर्यंत कौलं घासली आणि ते काम सोडलं. आता ती फुनाबोरीतल्या एका भारतीय किराणा दुकानाचा हिशोब आणि माल बघते. चांगलं बघते. तिच्या नखांत आता माती नसते.

मी जानेवारीत पुण्याला परत आलो. तुकडा औषधांच्या डब्यात होता. विमानतळावर माझा शर्ट पाठीला चिकटला होता, पण म्हाताऱ्या माणसाची औषधं कुणी उचकत नाही. घरी आल्यावर तो तुळशीत ठेवायला गेलो. रोमचा पांढरा खडा वरच होता. त्याच्याशेजारी ठेवला, दोन दिवसांनी काढला. बायको असती तर पहिलं विचारलं असतं, कुणाला सांगून आणलंत?

मुलगा-सून पुण्याला आले की गोष्ट निघायची. मुलगा रंगवून सांगायचा. "माझ्या बायकोला दोन दिवसांपूर्वी ठेवलेला टीव्हीचा रिमोट सापडत नाही, हिच्याकडे जपान्यांनी बाराशे वर्षांचं कौल दिलं." सगळे हसत. ती हसे. मीही हसलो आहे. एकदा माझ्या भावानं विचारलं, नेलं कुणी असेल ते, तर मी म्हणालो, "पोरं होती, पोरांनी नेलं असणार." तोपर्यंत मला ते सांगायला काहीच वाटेनासं झालं होतं.

मधे माझं हृदयाचं ऑपरेशन झालं, महामारी झाली, आणि या वर्षी पुन्हा जपानला जाणं झालं. तुकडा परत औषधांच्या डब्यात घेतला. या खेपेला सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. गणपतीत तिथल्या मराठी मंडळींचा फुनाबोरीत कार्यक्रम होता. मोदक वाढताना एका मुलीच्या हातून वाटी फुटली. ती बिचारी वरमली तेव्हा तिला हसवायला म्हणून सून म्हणाली, "अगं, वाटीचं काय घेऊन बसलीस. मी तर बाराशे वर्षांचं कौल हरवलंय." आणि पूर्ण गोष्ट तिनं स्वतः सांगितली. मुलगा सांगायचा तशीच, रिमोटसकट. सगळे हसले. मला हसता आलं नाही. आजवर ती दुसऱ्यांनी सांगितलेली गोष्ट ऐकून घेत होती. आता ती तिची झाली होती. आपण वेंधळ्या आहोत, हे तिनं मान्य करून टाकलं होतं.

दोन दिवसांनी, ती कामावर गेल्यावर, मी एकटाच त्या टेकडीवर गेलो. आदल्या रात्री पाऊस पडलेला होता. आता तिथे बाग आहे. खणलेलं सगळं पुन्हा मातीखाली गेलंय आणि तळखड्यांच्या जागी गवतात सिमेंटचे गोल बसवलेत. मी खिशातून तुकडा काढला आणि एका गोलाजवळच्या ओल्या मातीवर ठेवला. चार पावलं गेलो आणि परत येऊन उचलला. तिनं मला एकदा सांगितलं होतं, की तुकड्यापेक्षा तो कुठे, किती खोल, कशाशेजारी सापडला ते मोलाचं. ते नंबरावर असतं. तुकडा कुठेही टाकला तर तो नुसता खापरीचा तुकडा. आणि खरं सांगायचं तर तिथे तो टाकून मी फक्त माझा खिसा रिकामा करणार होतो.

मी घरी पोचलो तेव्हा ती आलेली होती.

"कुठे गेला होतात, बाबा?"

"असंच. नदीकाठानं फिरून आलो."

तिनं दारात काढलेले माझे बूट उचलले. तळव्यांना तांबूस माती होती. ग्योतोकु सगळं सपाट, खाडीकाठचं. तशी माती तिथे नाही. ती मला कळत नसेल, पण तिला कळते, दोन वर्षं तिच्या नखांत होती ती. तिनं बूट उलटे धरून थोडा वेळ बघितले. मग कपाटातून दातांचा एक जुना ब्रश काढला, बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं आणि बसून ती माती घासायला लागली. हलक्या हातानं, कडेनं, जशी कौलं घासायची तशी.

मी तिच्या मागे उभा राहिलो. तुकडा माझ्या मुठीत होता.

"अगं," मी म्हणालो.

"काय, बाबा?" तिनं मागे वळून बघितलं नाही. ब्रश थांबला.

ती थांबली होती. मला नक्की माहीत आहे, ती माझ्यासाठी थांबली होती. त्या देशात मी दिवसातून पन्नास वेळा सुमिमासेन म्हणत होतो, माफ करा, माफ करा, लिफ्टमध्ये, दुकानात, कुणाच्या पिशवीला हात लागला तरी. परक्यांना ते सहज म्हणता येत होतं. पण सासऱ्यानं सुनेपुढे उभं राहून माझं चुकलं म्हणायचं, हे मी आमच्या घरात कधी पाहिलं नाही. माझ्या वडिलांनी नाही, काकांनी नाही. ते कसं म्हणतात तेच मला ठाऊक नव्हतं. हे कारण नाही. मी फक्त काय झालं ते लिहितोय.

"चहा टाकतेस का?" मी म्हणालो.

"टाकते," ती म्हणाली, आणि ब्रश पुन्हा चालू झाला.

गेल्या महिन्यात मी परत निघालो. मुलगा सामान तोलायला रांगेत उभा होता. आम्ही दोघं बाकाजवळ. तिनं माझ्या औषधांचा डबा पिशवीत वर ठेवला, म्हणजे विमानात हाताला येईल, आणि म्हणाली, "यात सगळं आहे ना तुमचं, बाबा? काही राहिलं नाही ना?"

"सगळं आहे," मी म्हणालो.

मग ती वाकली. माझ्या पायांना हात लावून नमस्कार करायला, नेहमीसारखी. विमानतळाच्या त्या लखलखीत फरशीवर तिची वाकलेली पाठ मला दिसत होती, आणि टेकडीवर सेन्सेईंसमोर वाकलेली तिची पाठही तशीच होती. वाकायला हवं होतं ते मी. निदान तिला वाकू तरी द्यायला नको होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वाक्य तयार होतं, सात वर्षं घासून ठेवलेलं. तो तुकडा तुझ्या हातून हरवला नाही, मुलांनी नेला नाही, मी नेला, तुझी जागा माझ्यामुळे गेली, मला माफ कर. एवढंच होतं. ती उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"सुखी राहा," मी म्हणालो, आणि पिशवी उचलली.